शाश्वतता, सकाळी ९ ते १०.३०

जगातल्या बहुतेक गोष्टींना शेवट असतो, हे मला मान्य आहे. पण शाश्वततेलाही तो असावा आणि नेमका साडेदहाला असावा, हे मला नैरोबीत हातात पडलेल्या वेळापत्रकावरून कळलं. ‘शाश्वतता : सकाळी ९ ते १०.३०’ आणि तिच्याखाली, तितक्याच ठळक अक्षरांत, ‘चहा’. मंगळवारी सकाळी ‘विकास’, त्याच दिवशी जेवणानंतर ‘विकासाचे टीकाकार’, बुधवारी ‘हवामानबदल आणि आपण’, आणि शनिवारी, बहुधा या सगळ्याचा शीण घालवायला, जिराफ. हे वेळापत्रक ज्याने कोणी केलं त्याच्याविषयी मला आदरच वाटला. जेवणानंतर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर झापड असते हे ओळखून टीकाकारांना तिथे बसवणारा माणूस विकासाच्या क्षेत्रात बरीच वर्षं मुरलेला असणार.

अभ्यासक्रमाचं नाव ‘आफ्रिकेतील विकास आणि शाश्वतता’. आमचं कॉलेज आणि युरोपातलं एक विद्यापीठ यांनी मिळून आखलेला, सुट्टीत उरकणारा, काही आठवड्यांचा. आफ्रिका म्हणजे ५४ देश. त्यांतला आम्ही एक, केनिया, बघणार होतो, त्या एकातल्या ४७ जिल्ह्यांपैकी दोन-तीन, आणि त्या दोन-तिनांतलंही मिनिबसच्या खिडकीत मावेल तेवढंच. पूर्वी काशीला जाऊन आलेली माणसं गंगेचा गडू आणायची, हल्लीची मुलं परदेशातून प्रमाणपत्र आणतात. दोन्ही सीलबंद असतात आणि दोन्ही फोडायची वेळ सहसा येत नाही. मुलांबरोबर वडीलधारं माणूस हवं, ते भूगोल शिकवणारं असलं तर बरं आणि गाडी न लागणारं असलं तर फारच बरं, अशा तिहेरी निकषांवर माझी वर्णी लागली होती.

आफ्रिका म्हटल्यावर पुण्यातल्या झाडून साऱ्या आयांनी उन्हाची तयारी करून दिली होती. टोप्या, गॉगल, घामोळ्याची पावडर, डास पळवणारी मलमं. नैरोबी आपल्या महाबळेश्वराहूनही उंचावर आहे आणि जुलैत तिथलं आभाळ दिवसचे दिवस राखाडी पांघरूण ओढून पडलेलं असतं, हे भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण बॅगा भरणाऱ्या आया भूगोलाचं पुस्तक बघत नाहीत, सिनेमे बघतात. त्यामुळे विषुववृत्तापासून जेमतेम दीडेकशे किलोमीटरवर आमची मुलं कुडकुडत होती, आणि पावडर मुबलक असूनही घामोळं यायला कुणाला घाम म्हणून येत नव्हता. युरोपातली मुलं त्याहून बिचारी. त्यांनी तर हा सगळा घाट ऊन मिळावं म्हणूनच घातला असावा, असा मला संशय आहे. पहिल्या संध्याकाळी ती वसतिगृहाच्या पायरीवर ओळीने बसून सूर्य बुडायची वाट बघत होती. तो दिवसभरात वर आलेलाच नाही, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

त्याआधी विमानतळावर पिशव्यांचं प्रकरण झालं. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे, आणि ती नुसती फलकावरची बंदी नाही. पिशव्या बनवणाऱ्याला-विकणाऱ्याला चार वर्षांपर्यंत कैद किंवा चाळीस लाख शिलिंगांपर्यंत दंड होऊ शकतो. बाहेरून येणाऱ्यानेही आपल्या पिशव्या विमानतळावरच सोडायच्या. आता मराठी घरात स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांनी भरलेली एक पिशवी लटकत असते, आणि परगावी जाणाऱ्या मुलामागे ती पिशवी मनाने धावत असते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या सामानात चपलांना पिशवी होती, शाम्पूला पिशवी होती, आणि कैरीच्या लोणच्याला तर पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी होती, एखाद्या राजवाड्याला असावेत तसे तट. मध्यरात्रीच्या त्या पांढऱ्या दिव्यांखाली ती मांडी घालून बसली आणि आईच्या गाठी एकेक सोडवू लागली. गाठी आईने मारलेल्या, म्हणजे सुटणाऱ्या नव्हत्याच. ‘मॅडम, लोणचं उघडं कसं न्यायचं?’ तिचा आवाज रडवेला झाला होता. शेवटी बरणीला ओढणीत गुंडाळून लेकराप्रमाणे कडेवर घेतलं. तिथला अधिकारी हे सगळं शांतपणे बघत होता. अशा बरण्या त्याने बऱ्याच पाहिल्या असणार. आपल्याकडेही २०१८ साली बंदी आली होती. तिचं पुढे काय झालं, ते कोथिंबिरीच्या जुडीला विचारावं.

वेळापत्रकातली शाश्वतता ठरल्याप्रमाणे नऊला सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं मुख्यालय नैरोबीतच आहे, गिगिरी नावाच्या हिरव्यागार भागात, आणि शेजारी करुराचं जंगल. त्या जंगलाच्या कडेलाच आमचं व्याख्यान होतं. व्याख्यात्या बाई तिथल्याच, आवाज मऊ, हातात कागद नाही. त्या वांगारी माथाई यांच्याविषयी बोलत होत्या. माथाईंनी १९७७ साली बायकांना हाताशी धरून झाडं लावायला घेतली. १९८९ मध्ये शहराच्या मधोमध असलेल्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत उठणार होती, तिच्या आड त्या उभ्या राहिल्या. सरकारातल्या माणसांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली, आणि शेवटी इमारतच उठली नाही. पुढे बिल्डरांच्या घशात जाऊ घातलेलं हे करुरा त्यांनी मार खाऊन वाचवलं. २००४ साली शांततेचं नोबेल मिळालं. मुलांनी वह्यांत ‘२००४’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मी मात्र नंतर सांगितलेली गोष्ट लिहून घेतली. २०११ मध्ये माथाई गेल्या. लाकडाच्या पेटीत आपल्याला ठेवू नये, अशी त्यांची इच्छा होती. मग बांबूचा सांगाडा करून त्यावर लव्हाळी आणि जलपर्णी विणून त्यांची शवपेटी केली. जलपर्णी! पुण्याच्या माणसाला ही बया शिकवावी लागत नाही. आमच्या मुळा-मुठेवर ती दरसाल हिरवा गालिचा अंथरते, वर जांभळी फुलं काढते, आणि डासांना त्यावर बैठकीला बोलावते. तिकडे तिने व्हिक्टोरिया सरोवर असंच धरून ठेवलं आहे. जन्मभर झाडं राखलेल्या बाईने जाता जाता आणखी एक राखलं आणि सरोवरावरचं चार मुठी तण सोबत नेलं. हिशोबाला इतकी चोख बाई नवऱ्याला नकोशी झाली, घटस्फोटाच्या खटल्यात कोर्टातही तिच्या वाट्याला अवहेलना आली, यात मला नवल वाटलं नाही. बाहेर चहा आला होता. दुधात उकळलेला, साखरेने जड झालेला, थेट आपल्या वळणाचा. साडेदहा केव्हाच वाजून गेले होते, तरी शाश्वतता कुणी आवरती घेईना.

पुण्याच्या मुलांची तिथे एक वेगळीच पंचाईत होत होती. त्यांना आफ्रिका वेगळी हवी होती. आईबापांनी एवढे पैसे मोजले ते वेगळं काही दिसावं म्हणून, आणि इथे रस्त्याकडेला चपात्या भाजल्या जात होत्या, भाजीवाली मेथीच्या गड्डीला शोभेल अशा हाताने पालेभाजी बारीक चिरून देत होती आणि मोबाईलवर पैसे आल्याचा निरोप बघून मान डोलावत होती. हे मोबाईलवरचे पैसे तिथे २००७ पासून आहेत, आपली बोटं स्कॅनरकडे वळायच्या कितीतरी आधीपासून, हे कळल्यावर मुलं जरा दबली. उघड्यावर बसून पत्रा ठोकणाऱ्या कारागिरांची आळी बघायला नेलं. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून, डमरूच्या आकारात वळवून, आत भाजलेल्या मातीचं अस्तर बसवून ते कोळशाची शेगडी करतात. मातीमुळे धग आत कोंडते आणि कोळसा कमी लागतो. थायलंडातल्या एका शेगडीवरून १९८०च्या दशकात ही घडवली, म्हणजे तीही परदेशी शिकून आलेली. युरोपातली मुलं हरखून फोटो काढत होती. आमचा एक मुलगा माझ्या कानाशी लागला, ‘मॅडम, हे तर आपल्या जुन्या बाजारात पण असतं ना?’ त्याच्या आवाजात फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार होती.

आणि तिथला माणूस आम्हाला काय समजत होता, हाही प्रश्नच. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी रूळ टाकले, त्यासाठी हिंदुस्थानातून, बहुतेक पंजाबातून, तीस हजारांवर मजूर नेले. त्यांतले काही सिंहांनी खाल्ले, पुष्कळ तापाने गेले, काही हजार तिथेच राहिले. मागाहून दुकानदार आले. २०१७ साली केनिया सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. त्यामुळे कोपऱ्यावरचा फळवाला युरोपातल्या मुलांना ‘कुठून आलात?’ असं कौतुकाने विचारायचा आणि मला थेट भाव सांगायचा, तोही जरा चढाच. शंभर वर्षांच्या व्यवहारातून हिंदी बाईविषयी त्याचं काही मत बनलेलं होतं. मी घासाघीस सुरू केली की त्याचा चेहरा खुलायचा. मत खरं ठरल्याचा आनंद कुठल्याही देशात सारखाच दिसतो.

पण मला सांगायचंय ते माचाकोसचं. नैरोबीहून मोंबासाच्या दिशेला निघालं की थोड्याच वेळात हिरवळ मागे पडते आणि तांबड्या, खडकाळ टेकड्या सुरू होतात. हा कांबा लोकांचा मुलूख. १९३०च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी या जमिनीवर पाणी सोडलं होतं. माणसं फार, गुरं फार, माती वाहून चालली, आता इथे वाळवंट होणार, असे अहवाल गेले. मग सरकारने उपाय म्हणून लोकांची गुरंच ताब्यात घेऊन विकायला काढली. तेव्हा, १९३८ साली, मुइंदी म्बिंगू नावाचा माणूस हजारो लोकांना घेऊन नैरोबीला गेला, आणि गव्हर्नर भेटल्याशिवाय हलायचं नाही म्हणून ते आठवडेच्या आठवडे तिथे बसून राहिले. त्याच्या नावाचा रस्ता नैरोबीत आहे. पुढे लोकांनी आपल्या हाताने बांध घातले. उताराला आडवा चर खणायचा आणि माती खाली न टाकता वरच्या अंगाला टाकायची, म्हणजे पावसागणिक बांध आपोआप पायरीसारखा बसत जातो. १९९४ मध्ये तीन संशोधकांनी या जिल्ह्याचा साठ वर्षांचा हिशोब मांडला. माणसं पाचपटीहून जास्त झाली होती, आणि मातीची धूप उलट कमी. जमिनीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे अहवालात काय ठरलंय ते तिला समजलंच नव्हतं.

ते बांध दिसले आणि माझं पाऊल अडखळलं. मी नगर जिल्ह्यातली. बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलो यांच्या गोष्टी ऐकत वाढलेली. आमच्या गावानेही टेकडीला समतल चर खणले, नाले अडवले, विहिरींना पाणी आलं, आणि पाण्यामागोमाग पाहुणे आले. आधी तालुक्याचे, मग मुंबईचे, मग थेट जर्मनीचे. जीपची धूळ वेशीवर दिसली की मास्तर वर्ग सोडायचे आणि आम्ही लेझीम घेऊन उभ्या. पाहुण्यांना औक्षण, नारळ, फेटा. त्यांच्या डोक्यांचे आकार आमच्या फेटेवाल्याच्या सवयीचे नव्हते, त्यामुळे भाषणाच्या मध्यावर फेटा चष्म्यावर उतरायचा आणि पाहुणा एका हाताने गावाच्या भविष्याविषयी बोलत दुसऱ्याने फेटा सावरायचा. अशाच एका गोऱ्या बाईने वही उघडून माझ्या आजीला विचारलं होतं, या कामामुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला? आजीने पदर सारखा केला. टेकडीकडे बघितलं, जीपकडे बघितलं. म्हणाली, ‘बदल? व्हय, झाला की. आता पाव्हणे लई येत्यात.’ दुभाष्याने याचं भाषांतर बराच वेळ केलं, आणि बाईंनी ते बराच वेळ लिहून घेतलं.

म्हणून माचाकोसच्या एका वाडीत मिनिबस थांबली, धूळ खाली बसली आणि समोर बायका ओळीने गात उभ्या दिसल्या, तेव्हा कुठल्या बाजूला जाऊन उभं राहावं हे मला काही क्षण सुधरेना. पायांना ओळीत जायची सवय, हातात पाहुण्यांची वही. कुणीतरी माझ्या खांद्यांवर रंगीत कापड पांघरलं आणि निकाल लागला. मुलांना नाचात ओढलं. युरोपातली मुलं मनापासून आणि चुकीची नाचली. आमच्या मुलांनी गणपतीत करतात तेच केलं आणि चक्क शोभून गेलं.

बायकांनी मिळून घातलेला बंधारा बघायला आम्ही नदीत उतरलो. नदी म्हणजे रुंद, कोरडी, पांढरी वाळू आणि मधोमध दगडी भिंत. एक मुलगा, हॉलंडचा, पाण्याच्या देशातला, सगळीकडे बघून सभ्यपणे म्हणाला, ‘पण धरणातलं पाणी कुठे आहे?’ ‘तू त्याच्यावर उभा आहेस,’ वाटाड्या म्हणाला. पावसाळ्यात नदी वाळू आणते, ती भिंतीमागे साचत जाते आणि पाणी तिच्या पोटात दडून राहतं. उन्हाला सापडत नाही, डासाला सापडत नाही, वर गुरं हिंडली तरी नासत नाही. एक बाई गुडघ्यांवर बसली. तिने भोपळ्याच्या अर्ध्या तुंब्याने वाळू उपसली, हातभर खोल गेली. तळाशी आधी ओल आली, मग गढूळ पाणी. ते तिने उपसून बाजूला फेकलं, पुन्हा भरू दिलं, पुन्हा फेकलं. तिला घाई नव्हती. तिसऱ्या खेपेला जे आलं त्यात आभाळ दिसत होतं. आमच्याकडे याला झिरा म्हणतात, आणि तो उकरायला मी लहानपणी आजीबरोबर कळशी घेऊन जात असे. बाईने तुंबा माझ्याकडे केला. मी न विचारता पाणी फेकून पुन्हा भरायची वाट बघितली, तेव्हा तिने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

त्या बाईच्या अंगात जो टीशर्ट होता, त्यावर बेल्जियममधल्या कुठल्याशा शाळेच्या वार्षिक शर्यतीचं नाव होतं. युरोपातले उतरलेले कपडे गठ्ठ्यांनी तिथल्या बाजारात येतात. त्या टीशर्टाचा परदेशी अभ्यासक्रम आमच्यापेक्षा पुष्कळ लांबचा झाला होता, आणि तो शेतात कामालाही लागला होता.

मग झाडाखाली प्रश्नोत्तरं. मुलांकडे छापील प्रश्नावली होती. ‘तुमच्या मते शाश्वतता म्हणजे काय?’ वाटाड्याने ते कांबा भाषेत सांगितलं, बायकांनी आपसांत बरीच चर्चा केली, मध्ये मोठा हशा पिकला, तो कशाचा ते आम्हाला सांगितलं गेलं नाही. अखेर सगळ्यांत म्हातारीने सर्वांच्या वतीने उलट विचारलं, ‘तुमच्याकडे पाऊस झाला का?’ पुण्याची मुलं एकमेकांकडे बघू लागली. एकाने फोन काढला, रेंज नव्हती. मी म्हणाले, पेरणीपुरता झाला, पुढचा अजून लांबलाय. म्हातारीने जीभ टाळ्याला लावून च्च केलं. सबंध दौऱ्यात माझं बोलणं इतक्या गांभीर्याने कुणी ऐकलं नव्हतं.

निघताना खजिनदार बाईंनी वही पुढे केली. नाव, देश, येण्याचं कारण, अभिप्राय. मागची पानं जगभरच्या अक्षरांनी भरलेली आणि अभिप्रायाच्या रकान्यात सर्वांना एकसारखीच प्रेरणा मिळालेली. बाईंची दुसरीही वही होती, जाड, कडा दुमडलेल्या. गटाची भिशी त्या सांभाळतात. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची आणि आळीपाळीने एकीने उचलायची, थेट आपल्यासारखी. आमच्या भेटीचे पैसे मोबाईलवर पोचल्याची टिंग झाली तशी त्यांनी ती उघडली, आणि मला शेजारून दिसलं. जमेच्या बाजूला रकाने होते. आंबे. मध. टोपल्या. बकऱ्या. आणि पाचवा, पाहुणे. आंब्यांचा आकडा वर्षाकाठी एकदा चढलेला, मधाचा अधूनमधून, पाहुण्यांचा मात्र महिनोन्महिने सावकाश टिपकत राहिलेला. नवीकरणीय ऊर्जेवरचं मुलांचं आख्खं व्याख्यान मला तिथे एका रकान्यात सापडलं. हा स्रोत खत मागत नाही, कीड लागत नाही, आपल्या पैशाने विमानात बसून येतो, आणि जाताना आभार मानतो. फक्त २०२० साली तिथे नुसती आडवी रेघ होती. मी बोट ठेवलं. ‘दुष्काळ,’ बाई म्हणाल्या. त्या वर्षी कोणीच पिकलं नाही, अशा सुरात.

आमच्या गावात कुणाला हे सुचलं नव्हतं. आम्ही नारळही आमचेच फोडत होतो.

मी विचारलं, पुढच्या वर्षी मुलांची दुसरी तुकडी आणली तर चालेल का? बाईंनी केसांत खोचलेलं पेन काढलं, पानं मागेपुढे केली. जून चालेल, जुलै चालेल, ऑगस्टही चालेल, थंडीचे दिवस, शेतात फारसं काही नसतं, नाचायला बायका मोकळ्या असतात. एका वेळी वीसच्या वर नकोत, झाडाखाली मावत नाहीत. मी सगळं टिपून घेतलं. गाडीत चढता चढता त्यांनी पुन्हा हाक मारली, म्हणून मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ‘ऑक्टोबरात मात्र आणू नका, मॅडम,’ त्या म्हणाल्या, ‘तेव्हा पाऊस येतो. आम्हाला काम असतं.’